उलटी भरलेली पोती

मार्च संपता संपता आमच्या सोसायटीत वर्षाचा गहू यायला लागतो. टेम्पो फाटकाशी थांबतो. मी नाव आणि फ्लॅट विचारतो, पोती लिफ्टमधून न्यायला मनाई आहे हे सांगतो, आणि हे सगळं बोलत असताना माझे डोळे पोत्याच्या तोंडाकडे असतात. शिवण कशी आहे, सुतळी कसली आहे, आणि पोतं सुलटं भरलंय की उलटं. हमाल हसतात. "काय वॉचमन, पोत्यात काय सापडायचंय?" मी काही सांगत नाही. सांगायचं तर दशरथनानांपासून सुरुवात करावी लागेल, आणि तेवढा वेळ टेम्पो फाटकात उभा ठेवता येत नाही.

मी परभणीकडचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. मग मिळेल ते केलं, आणि लग्नानंतर सुमनला घेऊन निफाड तालुक्यात एका मालकाची जमीन वाट्यानं करायला आलो. मालक नाशकात राहायचे. आम्हाला शेतातली पत्र्याची खोली आणि पिकातला हिस्सा. पुढच्या साली ठेवायचं की नाही, ते मालकाच्या मर्जीवर. बांधाला बांध लागून नानांचं रान होतं. चार वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी राहिलो आणि चार वर्षं त्याचा हेवा केला. उपकारही त्यांचेच माझ्यावर. दोन्ही एका पोटात कसं मावलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

नाना दिसायला काही भारी नव्हते. बुटके, कानांवर केस, पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला. सदऱ्याच्या उजव्या खिशात कायम मूठभर गहू. चालता चालता चार दाणे तोंडात टाकायचे आणि चावत राहायचे, चावून चावून त्याचा चिकट गोळा होईपर्यंत. मग तो गोळा काढून विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टर पेटीवर चिकटवायचे. पेटीचं झाकण त्या गोळ्यांनी खरबरीत झालं होतं. वायरमन आला की शिव्या द्यायचा. नाना म्हणायचे, "राहू दे रे. कोणत्या साली कसा गहू झाला ते दिसतं आपल्याला." त्यात त्यांना काय दिसायचं कोण जाणे. मला सगळे गोळे सारखेच दिसायचे.

त्या खिशापायी त्यांच्या घरात रोज एक भांडण. एकदा पावसाळ्यात सदरा दोन दिवस दोरीवर ओला राहिला आणि खिशातल्या गव्हाला मोड आले. माईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तो सदरा तसाच बांधावर आणून आम्हाला दाखवला. "बघ गं सुमन, आमच्या ह्यांची शेती!" नानांनी खिशात बोट घालून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "उगवण चांगली हाये." माई हसून हसून खाली बसल्या. मीही हसलो. पण खोलीत येऊन मला आठवलं की माझ्या रानात बियाणं विरळ उगवलं होतं आणि ह्या माणसाच्या खिशातसुद्धा पीक येत होतं.

दुपारी ते आंब्याखाली तोंडावर टॉवेल टाकून झोपायचे. आभाळ भरून आलेलं असो नाहीतर कालव्याचं पाणी बंद झालेलं असो, झोपायचे. मी तिकडून बघत राहायचो. मला त्यांच्या विहिरीपेक्षा त्या झोपेचा हेवा जास्त वाटायचा.

आता त्या गावातली गव्हाची रीत सांगायला पाहिजे, नाहीतर नाना कळायचे नाहीत.

तिथं गव्हाला गिऱ्हाईक एकच, बाबूशेठ. पीठगिरणीला माल पुरवायचा. पेरणीच्या वेळी बियाणं त्याच्याकडून, गिरणीला चालतो तो एकच वाण. कापणीच्या वेळी पंजाबातून हार्वेस्टर यायचं ते त्यानं ठरवलेलं. टेम्पोही त्याचाच, खळ्यापर्यंत यायचा. आणि ह्या सगळ्याची गाठ एका गोष्टीत होती, बारदानात. थंडी सरता सरता, गहू अजून हिरवा असताना, शेठचा माणूस रिकाम्या पोत्यांचे गठ्ठे खळ्याखळ्यावर टाकून जायचा. प्रत्येक पोत्यावर निळ्या शाईत मोर, शेठची खूण. ज्यानं बारदान घेतलं त्याचा गहू शेठचा. कागद नाही, सही नाही. भाव विचारायचा नाही; तो पहिला ट्रक भरल्यावर कळायचा. आधी विचारणं म्हणजे शेठवर अविश्वास दाखवणं.

शेठ दुष्ट होता असं मी म्हणणार नाही. खळ्यात पाय ठेवण्याआधी चपला काढायचा. सुमनला "ताई" म्हणायचा. फक्त ज्या साली गहू कमी पिकायचा त्या साली म्हणायचा, गिरणीला मागणीच नाही. ज्या साली भरपूर पिकायचा त्या साली म्हणायचा, बघा ना, किती माल झालाय. दोन्ही साली भाव तिथल्या तिथंच, थोडा खालीच. एकानं एकदा हिंमत करून बाहेरच्या बाजारात ट्रॉली नेली होती. तिथं म्हणे कोणी हातच लावला नाही. भाडं दोनदा भरून माल परत आला, आणि मग त्याच्या रानात हार्वेस्टर सगळ्यांच्या शेवटी शिरलं. पुढं कोणी गेलं नाही.

तरी लोक गहूच पेरायचे, दरसाल थोडा जास्त. कारण दुसरं पीक कांदा. लासलगावला ट्रॉलीभोवती व्यापाऱ्यांचा घोळका जमतो, एकानं बोली केली की दुसरा चढवतो. पण ती बोली कधी डोक्यावर घेते आणि कधी पार गाडून टाकते. गव्हाला बोली नव्हती, पण खात्री होती. हरभरा गेला, जवस गेलं, खायला पेरायचा तो जुना गहूही गेला. लोक शेठला गहू घालून दुकानातून आटा आणायचे. मीही आणायचो.

नाना बारदान घेत नसत.

मी पहिल्या साली पाहिलेलं सांगतो. मारुतीच्या पारावर शेठ स्वतः आला होता. सगळे उभे. नाना खिशातले दाणे चावत म्हणाले, "शेठ, यंदा भाव काय?"

सगळे जमिनीकडं बघायला लागले. शेठ हसला. "नाना, दाणा तर भरू द्या अजून."

"मग पोतीबी दाणा भरल्यावरच आणा की."

कोणी हसलं नाही. हसले ते नंतर, आपापल्या घरी गेल्यावर. मी तर पंधरवडाभर ते वाक्य मनात घोळवत होतो. मी ते बोललो असतो तर कसं बोललो असतो, हात कुठं ठेवला असता, हेसुद्धा ठरवलं होतं. पण माझं बारदान तेव्हा खोलीत आलेलं होतं आणि सुमन त्याच्यावर झोपत होती.

नानांची पोती त्यांची स्वतःची. खताच्या, साखरेच्या, कसल्या कसल्या जुन्या गोण्या फाडून, धुऊन माई पुन्हा शिवायच्या आणि तोंड नाना स्वतः दाभणानं शिवायचे. दाभण टोपीत खोचलेलं असायचं. कापणी विळ्यानं, भावकीतल्या बायका घेऊन. गहू जुन्याच वाणाचा, दिवाळीच्या आधी पेरलेला, म्हणून आमच्या आधी घरात. आणि विक्री थेट नाशिक रोडला. तिथल्या वसाहतीत त्यांची ठरलेली घरं होती, बापापासूनची.

एकदा मी त्यांच्याबरोबर भाड्याच्या टेम्पोत गेलो. पोती वर चढवायला माणूस पाहिजे होता. नानांनी इमारतीखाली पोतं उघडं केलं आणि बसले. ओरडणं नाही काही नाही. बायका आपोआप खाली आल्या. पोरांच्या हातावर मूठ मूठ दाणे. "चावा. गिळायचं नाय."

एक बाई म्हणाल्या, "नाना, मागच्या वर्षीच्या पोळ्या जरा कडक व्हायच्या हो."

"कणीक मळून किती वेळ ठेवता?"

"वेळ कुठे असतो? डबे असतात सकाळचे."

"मग गव्हाला कशाला नावं ठेवता? माणूससुद्धा भिजल्या भिजल्या मऊ पडत नाय."

ती बाई रागावली नाही. उलट चहा घेऊन आली आणि माईंची गुडघेदुखी कशी आहे विचारायला लागली. मी पोती घेऊन जिने चढत होतो आणि प्रत्येक मजल्यावर कोणीतरी मला विचारत होतं, "नानांकडचे का तुम्ही?" हो म्हणायला बरं वाटायचं आणि म्हणून झाल्यावर जळायचं. त्या जिल्ह्यात मला कोणी नावानं ओळखत नव्हतं. गावात मी "पाव्हणा". चौथ्या सालीसुद्धा पाव्हणाच.

परत येताना नाना म्हणाले, "पाव्हणं, पुढल्या खेपेला तुमचीबी चार पोती आणू इकडं."

"माझ्याकडं बारदान आलंय नाना."

"आलंय नव्हं. घेतलंय."

मी बाहेर बघत बसलो. त्यांना बोलायला काय जात होतं? रान त्यांचं, विहीर त्यांची, विळा धरायला भावकी. माझं बियाणं शेठचं, हार्वेस्टर शेठचं, आणि मालकाला माल लवकर उचललेला पाहिजे. नाही म्हणायलासुद्धा बुडाखाली जमीन लागते. हे मी त्यांना बोललो नाही. पण त्यांना ते कळलं असावं, कारण थोड्या वेळानं ते म्हणाले, "विचारून पेरलं की विचारूनच विकावं लागतं. पण तुमी तरी काय करणार म्हणा." ते "म्हणा" मला झोंबलं. त्यापेक्षा त्यांनी शिवी दिली असती तरी चाललं असतं.

चौथ्या साली गोष्टी थोड्या बदलल्या. बारदान टाकायला शेठचा टेम्पो फिरला तेव्हा नानांचं बघून आणखी दोन-तीन घरांनी बारदान घेतलं नाही. "यंदा राहू द्या शेठ," असं म्हणाले, हळूच, पण म्हणाले. शेठ हसलाच. पण खळ्यावर येताना त्यानं चपला काढल्या नाहीत, हे मी पाहिलं.

मी बारदान घेतलं होतं. तरी माझ्या रानात हार्वेस्टर येईना. आज येतंय, उद्या येतंय. शेठनं दिलेलं बियाणंही उशिरा मिळालं होतं, त्यामुळं गहू तसाही मागास. नानांचा गहू तोवर कापून, मळून, ताडपत्रीखाली गेला होता. आणि एका दुपारी अवकाळी आला. आधी वारा, मग गारा, मग संध्याकाळपर्यंत सरळ पाऊस. सुमन दारात उभी होती, मी तिच्या मागं. गहू आमच्या डोळ्यांदेखत आडवा झाला.

हार्वेस्टर आलं ते सगळं होऊन गेल्यावर. दाणा निघाला, पण पांढरट, निस्तेज. शेठनं ओंजळीत घेतला, फुंकर मारली, बोटांतून खाली सोडला.

"पाव्हणं, चकाकी गेली रे याची. गिरणी असला घेत नाय."

"शेठ, तुमचंच बारदान, तुमचंच बी..."

"अरे, मी काय पाऊस पाडला का?" मग नानांच्या खळ्याकडं बघत, अगदी प्रेमानं म्हणाला, "नानांचा माल काय सुरेख निघालाय. वाण जुना असला म्हणून काय, तसल्यात मिसळला तर तुझा खपून गेला असता. पण ते कुठं आपलं बारदान घेतात!"

एवढंच. आणखी एक शब्द बोलला नाही. त्याला माझा गहू नको होता. गावाच्या देखत नानांच्या खळ्यावर निळा मोर पाहिजे होता.

मालकांचा फोन आला. "उचलला का गहू? अजून नाही? बरं. मग पुढच्या सालाचं आपण बघू." ते "बघू" मी ओळखत होतो. आमचं बिऱ्हाड म्हणजे दोन पेट्या आणि एक गादी. पण परभणीला परत जायचं तर तिथं त्या पेट्या ठेवायला जागा नव्हती.

सुमन म्हणाली, "नानाला सांगून तर बघा. काहून लाजता?"

"काय सांगू? माझा भिजला, आता तुमचाबी शेठला घाला म्हणून?"

मी गेलो नाही. बांधापर्यंत गेलो आणि परत आलो. नाना आंब्याखाली झोपले होते, तोंडावर टॉवेल. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा शेठचाही आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर शेठ हिशेब करत बसला होता. मीही तिथंच, कोपऱ्यात. नाना आले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "शेठ, बारदान टाका माझ्या खळ्यावर."

शेठचा पेन थांबला.

"काय म्हणता नाना?"

"ऐकू आलं ते म्हणलो. पण आधी पाव्हण्याचा माल उचलायचा. सगळा. आणि भाव लावताना त्याचा वेगळा, माझा वेगळा, असं नाय. दोघांचा एकच."

शेठ पटकन हो म्हणाला, इतक्या पटकन की पारावरच्यांना सगळं कळलं. बारदान न घेतलेल्यांपैकी एक जण, तरुण पोरगा, तोंड वाकडं करून म्हणाला, "नाना, तुमीच असं केल्यावर आमी कोणाकडं बघायचं?"

"आपल्या गव्हाकडं बघायचं," नाना म्हणाले. "माझ्या तोंडाकडं बघून कशाला पेरता?" पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. आणि खिशात गेलेला हात तसाच राहिला, दाणे तोंडापर्यंत आले नाहीत.

घरी आल्यावर सुमनला विचारलं. ती म्हणाली, "मी माईला काहीच नाही सांगितलं. नुसती रडले."

माझा गहू त्याच दिवशी उचलला गेला. नानांचं खळं भरायला मी मदतीला गेलो. काय बोलावं कळेना म्हणून गेलो. माई आत होत्या, बाहेर आल्या नाहीत. नाना नाशिक रोडच्या घरांना एकेक करून फोन लावत होते. "ताई, यंदा नाय जमायचं. नाय नाय, तब्येत बरी हाये. पुढल्या साली." पलीकडून कोणी रागावलं असावं. नाना म्हणाले, "बरोबर हाये तुमचं," आणि पुढचा नंबर लावला.

मग ते भरायला बसले. मी पहिलं पोतं उघडून धरलं तर त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, आत हात घातला, तळ पकडला आणि सदरा उलटा करावा तसं आतलं बाहेर काढलं. निळा मोर आत गेला. मग म्हणाले, "हं, धरा आता." असं प्रत्येक पोतं. बारदान नवं, ताठ. उलटवताना कानाकोपऱ्यात बोटं घालून ओढावं लागायचं, हाताला तागाचे धागे टोचायचे. तोंडं त्यांनी स्वतःच्या दाभणानं शिवली.

टेम्पो आला. शेठ पोती बघून थबकला. "नाना, उलटी भरली की सगळी!"

"वजन तेवढंच भरतं," नाना म्हणाले.

पोती गावातून गेली तेव्हा लोक ओट्यांवर उभे होते. शेठला दाखवायचं होतं ते कोणालाच दिसलं नाही. नुसती कोरी पोती गेली.

मला वाटतं मी त्या संध्याकाळी त्यांच्या पाया पडायला हवं होतं. सुमन पडली. मी लांब उभा राहिलो. उपकार मनात होता, खूप होता, अजूनही आहे. पण त्याच्या खाली ते जुनं जळणं तसंच चालू होतं. आता ते त्यांच्या विहिरीवर नव्हतं आणि झोपेवरही नव्हतं. ह्या माणसाजवळ दुसऱ्यासाठी मोडावं असं काही होतं, आणि मोडूनसुद्धा तो पुरता मोडला नव्हता, ह्यावर होतं. माझ्याजवळ तेवढं कधी साठलंच नाही.

आमचं राहणं तरी किती टिकलं? मालकांनी त्या साली द्राक्षबाग लावायची ठरवली आणि बागेतली जाणकार माणसं आणली. नानांनीच नाशिक रोडच्या त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला सांगून मला ह्या सोसायटीत लावून दिलं. फोनवर माझं नाव सांगताना त्यांनी माझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मला माहीतही नव्हतं की त्यांना ते ठाऊक आहे.

निघालो ते दिवाळीच्या आसपास. बाबूशेठचा टेम्पो नाशिक रोडला चालला होता, त्यानंच बोलावलं. "ताई, पेट्या टाका मागं, भाड्याचं काय घेऊन बसला." सुमन मागं सामानाबरोबर, मी पुढं त्याच्या शेजारी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेरण्या झालेल्या, रान नुसतं काळं. त्यातलं जवळजवळ सगळं शेठच्या बियाण्याचं.

नानांच्या विहिरीपाशी शेठनं गाडी हळू केली. नाना स्टार्टर पेटीजवळ उभे होते, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांचंही रान पेरून झालं होतं, सऱ्या नीट ओढलेल्या.

शेठनं काच खाली केली. "नाना! यंदा काय पेरलं?"

नानांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मान हलवली. मग तोंडातला गोळा काढला, पेटीच्या झाकणावर अंगठ्यानं दाबून चिकटवला आणि म्हणाले, "उगवलं की दिसंल."

आणि पाणी वळवायला वाकले.

शेठ मोठ्यानं हसला. "बघितलं का! असं बोलतं हे म्हातारं." गाडी पुढं निघाली. मी मागं वळून बघणार होतो, पण त्याआधी माझी नजर शेठकडं गेली. त्याचं हसू केव्हाच संपलं होतं. तो रस्त्याकडं बघत नव्हता, बाजूच्या आरशात बघत होता. आरशात नाना लहान होत होते, वाकलेले, पाण्यात. वळण येईपर्यंत तो बघत राहिला.

तो चेहरा मी लगेच ओळखला. चार वर्षं बांधावर उभा राहून तो मीच केला होता.